उभ्याने काम करणारे काकाजी

अर्जाच्या पहिल्या ओळीत मनुष्याचे नाव, बापाचे नाव, वय, धंदा आणि मुक्काम एवढे लिहावेच लागते. सौंसरच्या तहसील कचेरीसमोर सतरंजी टाकून हे काम मी कित्येक वर्षे करीत आलो आहे. शाळा मी सातवीत सोडली. पुढचे शिक्षण कचेरीच्या निकालांनी आणि पक्षकारांच्या रडगाण्यांनी केले. माझ्या हातचा अर्ज मजकुरातील दोषामुळे परत आला, असे सहसा घडलेले नाही. सौंसर मध्य प्रदेशात असल्यामुळे अर्ज हिंदीत लिहावे लागतात, म्हणून मराठीत एवढा लांब मजकूर लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे. ज्या गृहस्थांविषयी तो लिहीत आहे त्यांचे नाव मी मुद्दाम गाळले आहे. नाव, वय आणि धंदा लिहिल्याने ते कोण होते हे कळण्यासारखे नाही.

मी त्यांना काकाजी म्हणत असे. ते माझे घरमालक होते आणि रस्त्याकडची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. तिगाव स्टेशनावर रुळांचे सांधे बदलण्याच्या कामावर त्यांची बहुतेक नोकरी झाली होती. पेन्शनीत निघाल्यावर ते सौंसरला, संत्र्याच्या बागा जिथून सुरू होतात त्या कडेच्या आपल्या घरी येऊन राहिले. उंच, हडकुळे, मान किंचित पुढे काढून चालणारे. थंडी असो वा नसो, अंगात रेल्वेचा निळा कोट. मुलगा नागपूरला नोकरीस होता. घरात ते आणि काकू अशी दोनच माणसे.

काकाजींचा विक्षिप्तपणा पहिल्याच आठवड्यात माझ्या नजरेस आला. जेवण आणि झोप सोडली तर हा मनुष्य बसत नसे. दाढी उभ्याने, वर्तमानपत्र कुंपणाच्या भिंतीवर पसरून उभ्याने. सायकलचे पंक्चर काढावयाचे तर ते सायकल पडवीच्या आढ्याला दोराने टांगून, छातीच्या उंचीवर आणून, उभ्यानेच काढीत. रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहत. "काकाजी, सायकलले फाशी कायची झाली?" असे कोणी विचारले, तर ते वळूनही न पाहता म्हणत, "तिनं चालणं सोडलं म्हणून."

एकदा ते मी बसत असे तिथे आले. मी सतरंजीवर जागा करून दिली, तर बसेनात. वरूनच म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी बी उभ्यानं लिहीत जा."

मी वकील नाही. परंतु ते मला तसेच म्हणत आणि मीही त्यांना कधी दुरुस्त केले नाही. मी म्हणालो, "काकाजी, लेखनाचा धंदा हा बैठकीचा धंदा आहे."

"साहेब बाहेर निघाला का तुमाले गडबडीनं उठावं लागते. कागद उडते. मी पायतो ना रोज. अगोदरच उभे राहिले तं उठावं कायले लागंन?"

त्या वेळी मला राग आला होता. पुढे एका संध्याकाळी त्यांनी याचे मूळ सांगितले, तेव्हा राग गेला.

त्यांचे वडील रामाकोन्याच्या बाजूला एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. "माह्या बापाले मी उकिडवं बसलेलंच पायलं," काकाजी म्हणाले. "मालक खाटेवर, हा खाली उकिडवा. मजुरी मांगाची तरी उकिडवा, शिव्या खाच्या तरी उकिडवा. मेला तवा गुडघे सरळ होईनात." नंतर रेल्वेत लागल्यावर त्यांना एकदा कामानिमित्त रेल्वेच्या सुतारखान्यात पाठविण्यात आले. तेथे त्यांनी पाहिले, की कारागीर जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यात फळी धरून काम करीत नाहीत. पोटाच्या उंचीचे जाड लाकडी बेंच आहेत, त्यांना शिकंजे बसविलेले आहेत, फळी शिकंज्याच्या जबड्यात घट्ट धरलेली आहे आणि मनुष्य ताठ उभा राहून रंधा मारतो आहे. "तेवढ्यात मोठा साहेब आला," काकाजी म्हणाले. "अन् कोणी उठलं नाही. उठतीन कसे? उभेच होते. साहेबाचा डोळा अन् त्यायचा डोळा एका लाइनीत. मी तवाच ठरवलं, पेन्शनीत निघालो का असा बेंच घरी करीन, अन् माह्या घरातली लाकडाची हरेक वस्तू त्याच्यावर करीन."

इतका स्वच्छ विचार मी फार थोड्या शिकलेल्या माणसांत पाहिला आहे. दुःख एवढेच, की त्या विचाराच्या वाटेत काकूंची खिडकी आली.

काकूंच्या स्वयंपाकघराला दार सोडून उजेड-वाऱ्याची वाट नव्हती. चूल पेटली की धूर आढ्याला धडकून खाली उतरे आणि काकू त्यात बसून खोकत. त्यांना दमा होता. पेन्शनीत निघाल्याबरोबर काकाजींनी गवंडी बोलावून मागच्या भिंतीला खिडकीएवढे भोक पाडून घेतले. चौकट आणि झडपा मी स्वतः करीन, असे त्यांनी सांगितले. परंतु बागेतली माकडे दुसऱ्याच दिवशी त्या भोकातून शिरून भाकरी घेऊन गेली, म्हणून चौकट होईपर्यंत भोकावर पत्रा ठोकण्यात आला. तो पत्रा तसाच राहिला. कारण चौकट करावयाची तर बेंच हवा, आणि बेंच अजून व्हावयाचा होता.

लाकूड म्हणून त्यांनी रुळांखालून काढलेले जुने स्लीपर लिलावात घेतले. बैलगाडी दारात आली, तेव्हा शेजारच्या बाईने विचारले, "काकू, कोणाचं लगन काढलं? पलंग करून राहिले का काकाजी?"

काकू म्हणाल्या, "हो, माह्या सवतीचं."

ते लाकूड लोखंडासारखे होते. वर्षानुवर्षे तेल प्यायलेले, रुळांमधली खडी पोटात रुतलेली. रंध्याचे पाते दोन हात मारले की बोथट होई. काकाजी प्रत्येक खडा पटाशीने टोकरून काढीत आणि उन्हात वाळत घातलेल्या बोरांसारखे ते खडे कुंपणाच्या भिंतीवर मांडीत. बेंच अजून नसल्यामुळे हे कामही त्यांना बसूनच करणे सोयीचे होते; परंतु ते दोन मोठे दगड एकावर एक रचून, त्यांवर स्लीपर टेकवून, वाकून वाकून करीत. पाठ धरली की काकू निर्गुडीचा पाला बांधून देत आणि म्हणत, "मिस्त्री, बसाले लाज वाटते, वाकाले नाही वाटत का?"

नवऱ्याला त्या मिस्त्री म्हणत. थट्टेने म्हणत असत, की अजून आशा होती म्हणून, हे मला कधी निश्चित सांगता आले नाही.

बेंचचे पाय आणि फळी झाल्यावर शिकंजा सुरू झाला. काकूंनी मुलाकरवी नागपूरहून लोखंडी शिकंजा मागविला. सहा महिने त्यांनी हा बेत मनात ठेवला होता. काकाजींनी तो उलटून-पालटून पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवून दिला. त्यांनी सुतारखान्यात लाकडी मळसूत्राचा शिकंजा पाहिला होता. त्यांना तसाच हवा होता. धावड्याचा सरळ सोट आणून त्यांनी गोल केला, हळदीच्या पाण्यात भिजवलेली दोरी त्यावर तिरकी गुंडाळली आणि दोरी काढल्यावर उरलेल्या पिवळ्या रेषेवरून करवत आणि कानस चालवून आटे पाडले. मी स्वतः पाहिले आहे. इतके एकसारखे आटे होते की बोट फिरवीत बसावेसे वाटे. परंतु लाकूड ओले होते. उन्हाळ्यात ते उभे तडकले.

दुसरा सोट त्यांनी सावकाश वाळावा म्हणून ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला आणि हे काकूंना सांगितले नाही. काकू ज्वारी काढावयास गेल्या आणि कोठीतूनच ओरडल्या, "अजी, ज्वारीत लाकूड पेरलं का? उगवंन तवा खिडकीच उगवू द्या म्हणा!"

"वाळू दे वं त्याले. घाई केली तं फाटते."

"लाकडाले घाई नाही, तुमाले घाई नाही. माह्या दम्याले आहे, त्याले सांगा."

काकाजी हसले. मीही हसलो. त्या घरातले बोलणे असे असे, की मनुष्य हसून जाई आणि बोलण्यातला काटा त्याला रस्त्यात टोचे.

एकदा बाजाराच्या दिवशी एक म्हातारा सुतार पाणी प्यावयास अंगणात आला. पत्रा पाहून त्याने विचारले आणि काकूंनी सगळे सांगितले. सुताराने लगेच पिशवीतून हत्यारे काढली, अंगणात मांडी घातली आणि म्हणाला, "आणा हो फळ्या. चहा-भाकर द्या, सांजेपर्यंत चौकट उभी करतो."

काकाजी म्हणाले, "बसून करशीन?"

"मंग काय झोपून करू?"

अंगणातले सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी सुताराला चहा दिला, भाकरी दिली, हात जोडले आणि म्हणाले, "दादा, तू मोठा कारागीर आहे. पण माह्या घरची खिडकी बसून होनार नाही." सुतार हत्यारे गोळा करून, मान हलवीत निघून गेला. काकू दाराशी उभ्या होत्या. एरवी त्यांच्याजवळ उत्तर तयार असे. त्या दिवशी पदर तोंडाशी धरून आत गेल्या. मी पाण्याचा तांब्या ठेवावयास गेलो तेव्हा धुरातून म्हणाल्या, "भाऊ, त्यायचं बरोबर आहे. मी बी सासऱ्याले तसंच पायलं. पण हे माह्या छातीले कोण समजावून सांगंन?"

हे ऐकून मी काकाजींकडे गेलो आणि कायद्याच्या भाषेत त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. म्हणालो, "मुख्य दाव्याचा निकाल लागेपर्यंत न्यायालय तात्पुरता आदेश देते. तसे सुताराकडून तात्पुरती खिडकी करून घ्या. बेंच झाला की तुमची पक्की बसवा."

ते म्हणाले, "तुमच्या कचेरीतलं तात्पुरतं किती वर्षं चालते, वकीलसाहेब?"



त्या हिवाळ्यात काकूंचा दमा वाढला. दोन वेळा त्यांना उचलून अंगणात आणावे लागले. शेवटी मुलगा आला आणि त्यांना बसने नागपूरला घेऊन गेला. निघताना तो बापाशी बोलला नाही. काकाजी बसच्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, "शिकंज्याचा नट बसला आता. आता लागते किती? खिडकी झाली का मी घ्याले येतो."

"या," काकू म्हणाल्या. "पण मिस्त्री म्हणून नका येऊ. नवरा म्हणून या."

त्यानंतर ते जसे कामाला लागले तसे मी कोणाला पाहिलेले नाही. आतल्या आट्यांचा नट त्यांनी लाकडाच्या दोन अर्ध्या तुकड्यांत कोरून, मग ते तुकडे जोडून केला होता. ज्वारीत वाळलेल्या सोटाचे मळसूत्र त्यात फिरले तेव्हा शिकंज्याने फळी अशी धरली, की मी दोन्ही हातांनी ओढूनही हलली नाही. बेंच पूर्ण झाला. काळा, जाड, त्यांच्या पोटाच्या बरोबर उंचीचा. त्यांनी गाजावाजा केला नाही. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि सागवानाची पहिली फळी शिकंज्यात धरून, ताठ उभे राहून रंधा मारला. लांब, न तुटणारा छिलका निघून जमिनीवर पडला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होते त्याला मी समाधान म्हणेन. परंतु तो शब्दही थोडा अपुरा आहे.

खिडकी चार-पाच दिवसांत झाली. मी ती बोटाने चाचपून पाहिली. सांधा कुठे आहे ते कळत नव्हते. पत्रा निघाला, चौकट बसली, माकडांसाठी गज बसले. काकाजी सकाळच्या बसने नागपूरला गेले आणि दोन दिवसांनी काकूंना घेऊन आले.

त्या फार वाळल्या होत्या. उतरल्यावर माझ्या खोलीशी थांबून श्वास घेतला, मग आत गेल्या. खिडकीच्या झडपेवरून एकदा हात फिरविला. काकाजी उजेडात उभे राहून, झडप उघडून-मिटून दाखवीत होते. मग काकूंनी चूल पेटविली आणि चहा ठेवण्यासाठी चुलीपुढे बसल्या. धूर खिडकीकडे वळून बाहेर जाऊ लागला. त्या स्वयंपाकघरात इतका उजेड कधीच नव्हता. त्या उजेडात, चुलीपुढे, गुडघे छातीशी घेऊन काकू उकिडव्या बसल्या होत्या.

मी काकाजींकडे पाहिले. त्यांचा हात झडपेवर तसाच राहिला होता.

"अशीच बसत होतीस का वं?" त्यांनी विचारले.

"मंग कशी बसू? चूल का आढ्याले टांगली आहे, तुमच्या सायकलसारखी?"

चहा झाला. त्यांनी तो प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजारचे चार जण बोलाविले, बेंचचे पाय सोडविले आणि तो स्वयंपाकघरात नेऊन खिडकीखाली पुन्हा उभा केला. फळीवर मातीचा जाड थर दिला आणि त्यावर नवी चूल घातली. काकूंना पुढे उभे केले, तर जाळ त्यांच्या तोंडाबरोबर आला. बेंच काकाजींच्या मापाचा होता. काकू त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

"शिडी बी करा मिस्त्री," काकू म्हणाल्या. "भाकर टाकाले चढीन, परताले उतरीन."

काकाजींनी सुतळी घेतली. गुडघा टेकून, जमिनीपासून काकूंच्या कमरेपर्यंतचे माप घेतले. इतक्या वर्षांत ते माप त्यांनी कधी घेतले नव्हते. मग चूल फोडून, फळी उतरवून, स्लीपरचे ते चारही पाय त्यांनी करवतीने त्या मापावर कापले. मी मधे बोललो, म्हणालो, "काकाजी, मग तुम्हाला त्यावर वाकल्याशिवाय काम करता येणार नाही." ते करवत चालवीत राहिले.

ठेंगण्या बेंचवर पुन्हा घातलेली चूल वाळल्यावर काकू तिच्यापुढे उभ्या राहिल्या. पदर खोचला, खिडकीतून दिसणाऱ्या संत्र्याच्या झाडांकडे पाहिले आणि भाकरी थापली. ती तव्यावर टाकली, फिरविली. दुसरी थापता थापता त्यांनी एका हाताने शिकंज्याचा जबडा धरला. काकाजी दाराशीच होते.

"काय झालं?"

"काही नाही. गुडघे नाही म्हणून राहिले." त्या हसल्या, हसताना खोकल्या आणि हळूहळू जमिनीवर बसल्या. "आता नाही होत जी उभं राहणं. दोन-तीन साल पैले झालं असतं. बसलेलंच बरं आता. बसून बसून हाडायले तेवढंच येते."

खालची जुनी चूल अजून मोडलेली नव्हती. त्या तिच्याकडे सरकल्या.

काकाजींचा विक्षिप्तपणा लोकांना अजून आठवतो. टांगलेली सायकल आठवते, सवतीचा पलंग आठवतो. आणि लोक ते सांगून हसतात. मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. मी कचेरीतून येऊन ओसरीवर कागद लावीत होतो. काकाजी आले आणि नेहमीप्रमाणे खांबाशी उभे राहिले.

"वकीलसाहेब, मुदत टळून गेल्यावर बी अर्ज देता येते ना तुमच्या तिथं?"

"येतो. उशीर का झाला त्याचे कारण लिहून, तो माफ व्हावा अशी विनंती करावी लागते."

"अन् होते माफ?"

"कारण पुरेसे असले तर होतो."

ते आतल्या दाराकडे पाहू लागले. मग म्हणाले, "माहं कारण चांगलं होतं. कारणात खोट नव्हती, वकीलसाहेब."

मी लेखणी हातात घेऊन जन्म काढला आहे, आणि कोणत्याही मनुष्याच्या तक्रारीला योग्य शब्द देण्याचा मला अभिमान आहे. त्या वेळी मला एकही सुचला नाही. नाही म्हणण्याचे धैर्य नव्हते, आणि होय म्हणण्याचा अधिकार माझा नव्हता.

आतून काकूंचा आवाज आला. "अजी, गेले कुठं? जाळ विझून राहिला, फुंकाले माह्यात दम नाही."

"आलो."

ते आत गेले. दार उघडेच होते. निळा कोट काढून त्यांनी खुंटीला लावला, धोतर आवरले आणि काकूंच्या शेजारी चुलीपुढे उकिडवे बसले. गुडघे वाजले, ते मला ओसरीवर ऐकू आले. त्यांनी फुंकणी तोंडाला लावली.

"हळू," काकू म्हणाल्या. "राख उडते. पयल्यांदा बसले, हळूहळू शिकसान."